पुंडलिककाकाजींचा स्प्रिंगचा पडदा

"पोरी, बाबूजीले खाली घे."

पुंडलिककाकाजी माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. पंच्याण्णव सालचा जून होता, सिंदी रेल्वेच्या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून माझा दुसरा दिवस होता, आणि दुपारचे चार वाजले होते. दाराशी चपला काढून एक साठी ओलांडलेला माणूस आत आला. धोतर, निळा बुशशर्ट, पांढरी टोपी, बोटांना सुतळीचे धागे चिकटलेले. मी कपाटावर पाहिलं, माळ्याकडे पाहिलं, कोणी म्हातारं कुठे चढून बसलंय की काय! कोणी नव्हतं. "कोणाला खाली घेऊ?" मी विचारलं. त्यांनी माझी थोडी कीव केली, पश्चिमेच्या खिडकीपाशी गेले आणि वरून लोंबणारी दोरी हळूच ओढली. नळीवर गुंडाळलेला पडदा खाली उतरला. त्यावर लाल ऑइलपेंटमध्ये वीतवीतभर अक्षरं होती: कै. दौलतजी यांच्या स्मरणार्थ, पुत्र पुंडलिक यांजकडून सप्रेम भेट.

काकाजींनी पडद्याला हात जोडले आणि मला म्हणाले, "आता बाबूजीले सांग, आज काथ्याचे दोन वेढे गेले."

"तुम्हीच सांगा ना," मी म्हटलं.

"आमचं बोलणं बंद हाये."

हॉलमध्ये सहा-सात माणसं पेपर वाचत बसली होती. एकानंही मान वर केली नाही. म्हणजे हे रोजचंच होतं, आणि माझ्या आधीचे ग्रंथपाल हे काम करूनच निवृत्त झाले होते. मी खिडकीकडे तोंड करून, घसा साफ करून सांगितलं, "बाबूजी, आज काथ्याचे दोन वेढे गेले." काकाजींचं समाधान झालं. दोरीला झटका दिला, पडदा फाडकन वर गेला आणि ते चपला घालून दुकानात परतले. पगारासाठी माणसाला काय काय करावं लागतं, बाप्पा!

काकाजींचं दोरांचं दुकान स्टेशनच्या रस्त्यावर होतं. सुतळी, काथ्या, अंबाडीचे दोर, विहिरीचे नाडे, बैलांच्या वेसणी. गिऱ्हाइकानं "दोर पक्का आहे ना?" असं विचारलं की काकाजी काही बोलायचे नाहीत. तो दोर स्वतःच्या कमरेला बांधायचे, दुसरं टोक गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "ओढ मले." मी स्वतः त्यांना भर बाजारात एका शेतकऱ्याच्या मागे फरफटत जाताना पाहिलेलं आहे. दोर तुटला नाही, धोतर मात्र फाटलं. कोणाला कधी नाही म्हणायचे नाहीत. दुकानात नसलेली वस्तू मागितली की म्हणायचे, "उद्या येजो." माणूस उद्या आला की पुन्हा "उद्या येजो." "नाई म्हटलं का माणूस तुटते पोरी," ते मला सांगायचे. "उद्या म्हटलं का लटकून राह्यते."

बापलेकाचं बोलणं बंद झालं ते नायलॉनवरून. काकाजींनी एकदा नागपूरहून नायलॉनच्या दोराचं बंडल आणलं. दौलतजींनी ते हुंगलं आणि फर्मान काढलं, "ज्या दोरीले भिजल्यावर वास येत नाई, ते दोरी नाई." काकाजी म्हणाले, "वास कोणाले पाह्यजे बाबूजी, लोक दोर घेते का अत्तर?" झालं! त्या दिवसापासून दोघे एकाच गादीवर, हातभर अंतरावर दोन वर्षं बसले आणि एकमेकांशी अक्षर बोलले नाहीत. जे काही सांगायचं ते गिऱ्हाइकामार्फत. "भाऊ, याले सांगा, पोरीचं लग्न जुळलं." "भाऊ, बाबूजीले सांगा, मले माहीत हाये, पोरगी माहीच हाये." अल्लीपूरचा एक पाहुणा नाडा घ्यायला आला, आणि दोघांमध्ये बसून तासभर निरोपच पोचवत राहिला. शेवटी हिंगणघाटची गाडी आली तशी तो नाडा न घेताच पळाला.

मग एका सकाळी दुकानाच्या फळ्या काढता काढता दौलतजी गेले. हे मला काकाजींनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते पेपरच्या टेबलावर बोटानं रेघा ओढत होते. "मायाकडे पाह्यलं त्याईनं. तोंड बी उघडलं. पण दुकानात एक बी गिऱ्हाईक नव्हतं पोरी. मंग सांगतीन कोणाले?"

मी हसू की रडू, मला कळेना. काकाजींचं म्हणणं असं की बाबूजी बोलले नाहीत तोवर आपण कसं बोलायचं, लहान माणसानं पायरी सोडू नये. पण माणूस गेला म्हणून निरोप थोडेच थांबतात? त्यासाठीच त्यांना बाबूजी कुठेतरी चारचौघांत हवे होते, जिथे मध्ये बोलायला एक तरी माणूस हमखास बसलेलं असेल. वाचनालयाइतकी चांगली जागा सिंदीत दुसरी नव्हती. आता भेट कशाची द्यायची? यावर त्यांनी वर्षभर विचार केला होता म्हणे. "पंख्यावर नाव लिवलं तर बाबूजी गरगर फिरते. बाकावर लिवलं तर लोक बसते त्याईच्यावर. घड्याळावर लिवलं तर जो तो टाइम पाह्यते, बाबूजीले कोण पाह्यते?" शेवटी नागपूरला त्यांच्या फर्निचरवाल्या भाच्याकडे त्यांनी हा स्प्रिंगचा पडदा पाहिला. चार फूट रुंद, पाच फूट लांब, नुसतं कापड. शिवाय पश्चिमेच्या खिडकीतून चार वाजता उन्हाची तिरीप थेट पेपरच्या टेबलावर यायची, तीही अडणार होती.

जवळजवळ दोन वर्षं मी रोज निरोप दिले. पाऊस नाही, सुनेचे पाय सुजले, नायलॉन अडीच किलो विकला पण बाबूजींना ते सांगू नकोस. पहिल्या महिन्यात मी चिडायची. दुसऱ्या महिन्यात चार वाजले की खिडकीकडे बघायला लागले.

सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये पडद्यानं मान टाकली. काकाजींनी झटका दिला, पडदा वीतभर वर सरकला आणि परत खाली आला. पुन्हा झटका, पुन्हा तेच. दोष त्या ऑइलपेंटचा होता. पेंटरनं इतका रंग थापला होता की त्या वजनानं आतली स्प्रिंग थकून गेली. काकाजींना मात्र आनंद झाला. "बाबूजी बसले आता," ते म्हणाले. "उभे राहून राहून पाय दुखले अशीन."

बाबूजी बसले, पण हॉलमध्ये अंधार झाला. त्यात दिवसातून दोनदा लाईट जायची. डीएड आणि पोलीसभरतीचा अभ्यास करणारी पोरं-पोरी पुस्तकं घेऊन पायरीवर जाऊन बसायला लागली. मी पडदा हातानं गुंडाळला आणि सुतळीनं वर बांधून टाकला. चार वाजता काकाजी आले, वर पाहिलं, आणि खाली बसले.

"बाबूजीले बांधलं तू?"

"काकाजी, सुतळी तुमच्याच दुकानातली आहे."

"म्हूनच तं! मयताले बांधाले लोक मायाच दुकानातून सुतळी नेते. सोड आधी."

सोडली. काय करणार!

त्याच आठवड्यात आमचे अध्यक्ष आले. निवृत्त हेडमास्तर, त्यामुळे बोलणं फळ्यावर लिहिल्यासारखं. सोमवारी वर्ध्याहून साहेब तपासणीला येणार, वाचनालयाचा दर्जा वाढायचा असेल तर हॉलमध्ये उजेड पाहिजे, सोमवारपर्यंत पडदा वर गेला तर ठीक, नाहीतर काढून गोदामात टाका. काकाजी शेजारीच उभे होते. अध्यक्ष गेल्यावर ते टोपी काढून हातात धरून बसले.

"गोदामात उंदरं हायेत पोरी."

"हो."

"आन मंग चार वाजता मी कुठं जाऊ?"

मी म्हटलं, "दुरुस्त करू."

एसटीडीच्या बूथवरून भाच्याला फोन लावला. फोन काकाजींच्या कानाला, माझा कान फोनला. भाच्यानं सांगितलं ते सोपं होतं. नळीच्या आत लांब स्प्रिंग असते. नळीच्या एका टोकाला गोल खीळ, दुसऱ्या टोकाला चपटी. पडदा भिंतीवरून काढायचा, हातानं पूर्ण गुंडाळायचा, चपटी खीळ पक्कडीत धरून फिरवायची म्हणजे स्प्रिंगला पीळ बसतो, मग नळी परत जागेवर अडकवायची. "बारा फेरे द्या मामा," भाचा म्हणाला, "खिळीकडून पाहिलं तर डावीकडे." काकाजींनी फोन ठेवून दिला.

"बाबूजीले डावे फेरे मी एकदा देल्ले," बूथच्या बाहेर येऊन ते म्हणाले. "घाटावर. खांद्यावर मडकं घेऊन, तीन. आता अजून नाई देत."

"काकाजी, ही स्प्रिंग आहे."

"नाव कोणाचं हाये तिच्यावर?"

मी बौद्धांच्या घरची. घाटावरचे फेरे आणि खांद्यावरचं मडकं हा माझा प्रांत नव्हता, त्यामुळे वाद घालायला माझ्याकडे मुद्दाही नव्हता. काकाजींनी स्वतः पक्कड घेतली आणि बारा फेरे उजवे दिले. स्प्रिंगमध्ये जो काही जीव उरला होता तोही निघून गेला. मग स्टुलावर चढून नळी खाचेत अडकवली मात्र, पाच फूट पडदा एका दमात सुटून त्यांच्या डोक्यावरून खाली आला. काकाजी दिसेनासे झाले. लाल अक्षरांच्या मागून आवाज आला, "पोरी, बाबूजीले सांग, माह्यं चुकलं."

मी सांगितलं.

रविवारी वाचनालय बंद असतं, तेव्हा आम्ही दोघे पुन्हा बसलो. शनिवारी रात्रभर मी डोकं चालवलं होतं. "काकाजी, तुम्ही गोल खिळीकडे उभे राहा, नळी घट्ट धरा आणि माझ्या हाताकडे बघा. चपटी खीळ मी फिरवते." ते उभे राहिले. मी एक फेरा दिला, माझ्या बाजूनं डावा. "तुमच्याकडून कसा दिसला?"

ते वाकून बघत राहिले. "उजवा."

"मग झालं तर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. जन्मभर दोरांचा पीळ बोटांनी पारखणारा माणूस, त्याला डावं-उजवं मी शिकवणार होते काय! पण त्यांनी नळीवरची पकड घट्ट केली. "दे," ते म्हणाले.

बाराव्या फेऱ्याला मी थांबले. काकाजींनी मान हलवली. "बारा नोको. बाराव्याचं जेवण राह्यते."

"मग दहा करू?"

"दहावा!"

"तेरा?"

"तेरवी. तुले काही समजते का नाई वं?"

चौदाव्या दिवशी त्यांच्याकडे गोडाचं जेवण असायचं, म्हणून चौदाही बाद. पंधरा ते वीस मला वाटतं नुसत्या संशयावरून बाद झाले. "एकवीस दे. गणपतीचे." एकविसाव्या फेऱ्याला माझं मनगट गळून गेलं होतं आणि नळीतून बारीक करकर ऐकू येत होती. भाच्यानं बारा सांगितलेत, मी दोनदा म्हटलं. काकाजी म्हणाले, "तो फर्निचरवाला हाये. त्याले शास्त्र काय समजते?"

सोमवारी साहेब आले. रजिस्टरं पाहिली, कपाटं पाहिली, पुस्तकांवरची धूळ बोटानं पाहिली. अध्यक्ष त्यांच्यामागे अदबीनं फिरत होते. काकाजी कोपऱ्यात, नवीन टोपी घालून. चार वाजता उन्हाची तिरीप साहेबांच्या डोळ्यांवर आली आणि ते म्हणाले, "जरा तो पडदा घ्या खाली." मला दोन्ही हातांनी लोंबकळावं लागलं तेव्हा तो उतरला आणि खटक्यावर थांबला. साहेबांनी नाव वाचलं. "वा, स्मरणार्थ का? चांगली सोय आहे." आणि कौतुकानं उठून, मी नको नको म्हणेपर्यंत, त्यांनी स्वतःच दोरीला झटका दिला.

असा आवाज सिंदीत मी पुन्हा ऐकला नाही. पडदा वर गेला, खालची लाकडी पट्टी नळीवर आपटून फटाफटा फिरली, ब्रॅकेट उपटलं आणि दौलतजी अख्खे भिंतीवरून सुटले. साहेब टेबलाखाली. अध्यक्ष कपाटामागे. आणि काकाजी, साठी उलटलेले काकाजी, दोन बाकं ओलांडून धावत आले.

"बाबूजी! थांबा! पडसान ना जी!"

त्यांनी दोन्ही हात पसरून नळी झेलली आणि तिला छातीशी धरून खाली बसले. चपटी खीळ अजून घरघर फिरत होती. मग तीही थांबली.

"कोण पडलं?" टेबलाखालून साहेबांनी विचारलं.

"कोणी नाही साहेब," मी म्हटलं. "दौलतजी."

"त्यांना लागलं का?"

काकाजी माझ्याकडे बघत होते. टोपी कुठे उडाली होती कोण जाणे. "पोरी, मी काय म्हटलं आता?"

"थांबा म्हणालात. पडाल म्हणालात."

"कोणाले?"

"बाबूजींना."

"मधात कोणी नव्हतं?"

"कोणी नव्हतं काकाजी."

ते त्या गुंडाळीवर कपाळ टेकून रडायला लागले, पोरासारखे, मोठ्यानं. मीही रडले, मला लाज वाटली नाही. साहेब टेबलाखालून निघाले, कपडे झटकले, कोणाला काही विचारलं नाही आणि शेऱ्याच्या वहीत लिहिलं की हॉलमध्ये उजेड भरपूर आहे. दर्जा वाढला.

नंतर आम्ही नवं ब्रॅकेट ठोकलं आणि जास्तीचे फेरे सोडले. पीळ सोडताना खीळ उजवीकडे फिरते, तेव्हा ते काम काकाजींनी स्वतः केलं. पडदा पुढे कितीतरी वर्षं नीट चालला.

माझी नोकरी मात्र अर्धी गेली. दुसऱ्या दिवसापासून काकाजी चार वाजता यायचे, पडदा ओढायचे आणि बाबूजींशी सरळ बोलायचे. आठ दिवस अगदी गोडीगुलाबी. नवव्या दिवशी नायलॉनचा विषय निघाला. "तुमचा काथ्या पावसाळ्यात सडते का नाई सडते? सांगा ना!" सगळा हॉल ऐकतोय. मी टेबलावर पट्टी आपटून "काकाजी, शांतता!" म्हणायची. ते आवाज खाली करायचे, पण भांडण सोडायचे नाहीत. बरेचदा रागानं पडदा वर सोडून निघून जायचे आणि पायरीवरून परत येऊन मला म्हणायचे, "उद्या येतो म्हणा." मी सांगायची नाही. मग तणतणत आत येऊन स्वतः सांगून जायचे.

दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं. मी भेटायला गेले तर खाटेवर उताणे पडून छताकडे बघत होते, आवाज खोल गेलेला. "आताच झालं आमचं बोलणं," म्हणाले. "नायलॉन अजून बी पटून नाई राह्यलं त्याईले." मी म्हटलं, काकाजी, आता मिटवा की. ते हसले. "कायले मिटवू? मिटलं नाई तरी चालते पोरी. बोलणं सुरू पाह्यजे." मग त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले.

"तुये बाबूजी हायेत ना?"

"आहेत. रोहण्याला."

"बोलते ना त्याईच्यासंग?"

"हो," मी म्हटलं. "बोलते ना."

साफ खोटं. सात महिने झाले होते मी बाबांशी बोलले नव्हते, आणि भांडण कशावरून, तर विहिरीवरच्या मोटरच्या खोलीला निळा रंग द्यायचा की पिवळा यावरून. मी निळा म्हटला, त्यांनी पिवळा दिला, मी म्हटलं मग तुमचं तुम्ही बघा. दिवाळीच्या सुट्टीतही घरी गेले नाही. आईशी फोनवर बोलायची आणि शेवटी म्हणायची, "बाबांना सांग मी बरी आहे." हे वाक्य मी सात महिने बोलत होते आणि मला एकदाही काही खटकलं नव्हतं. इतकी वर्षं काकाजींचे निरोप पोचवणारी मी!

पाचव्या दिवशी सकाळी काकाजी गेले. माती झाली. मी घरी आले, आंघोळ केली, वाचनालयाची किल्ली अध्यक्षांकडे दिली आणि वर्ध्याला जाऊन आर्वीची गाडी धरली. रोहण्याला उतरले तेव्हा ऊन कलायला आलं होतं. बाबा ओट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होते. मला पाहिलं आणि घरात तोंड करून ओरडले, "अवं, तुयी पोरगी आली, पाय!"

आई घरात नव्हती. शेजारी गेली होती.

मी पिशवी खाली ठेवली आणि त्यांच्या समोर बसले. "बाबा, मी तुमच्याकडे आले."

त्यांनी एक शेंग सोलली. दाणे परातीत टाकले. मग परात माझ्याकडे सरकवली. "काऊन आली?"

"बोलायला."

"मंग बोल ना," बाबा म्हणाले, "मी काय नाई म्हटलं का?"